जनुकसूत्राची घडी आणि प्रतिपिंडांचे वैविध्य

(भोर येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



भाताची लावणी सुरू झाली, की नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांच्या खोऱ्यांत चिखलात उभ्या असलेल्या माणसांच्या पायांशी ज्याची गाठ पडण्याचा संभव फार मोठा, त्या सापाच्या विषावर आजमितीस वैद्यकशास्त्रापाशी जो खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे काचेच्या लहानशा कुपीतील पांढरी भुकटी होय. ही भुकटी कोण्या वनस्पतीची नसून घोड्याच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांचे विष अल्प प्रमाणात आणि क्रमाक्रमाने वाढवत घोड्याला टोचावे, त्याच्या शरीराने त्या विषाला बांधून निकामी करणारी प्रथिने निर्माण करावीत, आणि ती प्रथिने शुद्ध करून माणसाच्या शिरेत सोडावीत, असा हा व्यवहार आहे. आज मला बोलायचे आहे ते कुपीविषयी नव्हे, घोड्याविषयीही नव्हे. त्या घोड्याच्या आणि तुमच्या-आमच्या अस्थिमज्जेतील एका सूक्ष्म पेशीच्या केंद्रकात जो कारभार चालतो, त्याविषयी. तरीपण कुपीपासून आरंभ करणे सोयीचे, कारण ती इथल्या प्रत्येक घराच्या परिचयाची आहे.

१८९० साली बर्लिन येथे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी असे दाखवले, की घटसर्प वा धनुर्वात यांच्या विषाला सरावलेल्या जनावराचे सीरम दुसऱ्या जनावराला दिले असता त्यालाही संरक्षण मिळते. पुढे पाच वर्षांच्या आतच फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी हाच न्याय सर्पविषाला लावला. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगच्या साथीत मुंबईस लस सिद्ध करणाऱ्या हाफकिन यांचे नाव १९२५ पासून ज्या संस्थेला लाभले, त्या संस्थेच्या परंपरेत सर्पविषावरचे सीरम तयार करण्याचे काम दीर्घकाळ चालत आले. त्यातील एक अडचण येथे सांगितली पाहिजे. देशात सीरमसाठी लागणारे विष मुख्यत्वे तमिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. आणि तिकडच्या घोणशीचे विष व सह्याद्रीतील घोणशीचे विष यांच्या घटकांत फरक असू शकतो, त्यामुळे एका मुलखातील विषावर घडलेले प्रतिपिंड दुसऱ्या मुलखातील विषाला तितकेच घट्ट धरतील, अशी हमी देता येत नाही. प्रतिपिंडाची पकड इतकी विशिष्ट असते! वरंधा घाट उतरून पलीकडे महाडला गेले, की विंचूदंशावर आयुष्य वेचलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्यक्षेत्र लागते. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर येणारा घाला प्राझोसिन या साध्या औषधाने परतवता येतो हे त्यांनी दाखवून दिले, आणि पुढे २०११ साली प्राझोसिनच्या जोडीला विंचूविषाचे प्रतिपिंड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो हेही प्रसिद्ध केले. म्हणजे प्रतिपिंडांचा हा मामला सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सारखाच जिव्हाळ्याचा आहे.

आता प्रश्न असा, की ज्या घोड्याच्या सात पिढ्यांत कोणास मण्यार चावली नसेल, त्याच्या शरीरात मण्यारीच्या विषाला नेमके बसणारे प्रथिन येते कोठून? आणि सापाचे सोडा. कार्ल लँडस्टायनर यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगशाळेत घडवलेली, सृष्टीत कधीच नसलेली रासायनिक द्रव्ये प्रथिनांना जोडून सशांना टोचली, तेव्हा त्यांवरही सशांनी प्रतिपिंडे निर्माण केली. जे द्रव्य पृथ्वीवर काल-परवा प्रथमच जन्मास आले, त्याचे उत्तर वडिलोपार्जित वारशात लिहून ठेवलेले असणे शक्य नाही. शिवाय वारशाचा आवाकाही मर्यादित. मानवी जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे, आणि त्यांत प्रथिनांचा मजकूर असणारी जनुके वीस हजारांच्या आसपास. त्यातून हृदय, यकृत, मेंदू, त्वचा या सर्वांचा संसार चालवायचा. प्रत्येक संभाव्य शत्रूसाठी एक स्वतंत्र जनुक राखून ठेवायचे म्हटले, तर शरीरात दुसऱ्या कशालाच जागा उरणार नाही.

या कोड्याचे उत्तर प्रथम तर्काने मिळाले आणि नंतर प्रयोगाने. १९६५ साली विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट यांनी असे सुचवले, की प्रतिपिंडाचा एकच सलग धागा दोन निरनिराळ्या जनुकांच्या जोडणीतून घडत असावा. एका जनुकातून एक प्रथिन हा त्या काळचा दृढ सिद्धान्त असल्यामुळे हे म्हणणे बहुतेकांना पाखंडासारखे वाटले. अकरा वर्षांनी, १९७६ मध्ये, स्वित्झर्लंडातील बाझल येथे सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या गर्भातील डीएनए आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशीतील डीएनए शेजारी शेजारी ठेवून तपासले, आणि गर्भात एकमेकांपासून दूर असलेले खंड प्रौढ पेशीत एकत्र आलेले आहेत हे सिद्ध केले. जन्मतः लाभलेला वारसा शरीरातील सर्व पेशींत अभंग राहतो, ही समजूत त्या दिवशी मोडली. प्रतिपिंडे घडवणारी ही पेशी, जिला बी-पेशी म्हणतात, स्वतःच्या घडणीसाठी आपलाच वारसा कापते व पुन्हा सांधते, आणि कापलेला मधला भाग कायमचा गमावते. तोनेगावांना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कापण्याचे काम करणारी रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने त्यानंतर अल्पावधीतच डेव्हिड शॅट्झ, मार्जरी ऑटिंगर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधून काढली.

या जोडणीचा हिशेब असा आहे. प्रतिपिंडात दोन जड व दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीचे जनुकस्थान माणसाच्या १४व्या गुणसूत्राच्या टोकाशी आहे, आणि तेथे व्ही नावाचे सुमारे ४० कामाचे खंड, डी नावाचे २३ आणि जे नावाचे ६ असे ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येक बी-पेशी त्यांतून प्रत्येकी एक उचलते आणि जोडते. चाळीस, तेवीस आणि सहा यांचा गुणाकार ५,५२० येतो. हलक्या साखळीचे दोन प्रकार, कप्पा आणि लॅम्डा, अनुक्रमे २ऱ्या आणि २२व्या गुणसूत्रावर. त्यांचे मिळून सुमारे ३२० प्रकार होतात. दोन्हींचा गुणाकार साडेसतरा लाखांच्या पुढे जातो. याउपर जोडाच्या ठिकाणी काही अक्षरे झिजतात, काही नवी, कोणत्याही मूळ प्रतीत नसलेली अक्षरे घुसवली जातात, आणि त्यामुळे संभाव्य प्रतिपिंडांची संख्या दहा हजार कोटींच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जाते. या अव्यवस्थेची किंमतही पेशीला द्यावी लागते: अक्षरे तिनाच्या गटाने वाचली जात असल्यामुळे तीनपैकी सरासरी दोन जोड वाचनाचा क्रमच बिघडवून टाकतात, आणि ज्या पेशीची दोन्ही गुणसूत्रांवरील खटपट फसते ती मरून जाते. निसर्गाची ही उधळपट्टी पाहून काटकसरीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना थोडेसे अस्वस्थच व्हायला होते.

पाठ्यपुस्तके बहुधा येथे थांबतात, आणि गुणाकार ऐकून विद्यार्थी समाधानाने घरी जातात. परंतु या गुणाकारात एक गृहीतक गुपचूप दडलेले आहे, ते असे की चाळीसपैकी प्रत्येक खंडाला निवडले जाण्याची संधी आहे. वस्तुतः जड साखळीचे जनुकस्थान माणसात दहा-बारा लाख अक्षरांवर, आणि ज्या उंदरावर बहुतेक प्रयोग झाले त्याच्यात सुमारे अठ्ठावीस लाख अक्षरांवर पसरलेले आहे. जे खंडांना सर्वांत जवळचा व्ही खंड लाख-दीड लाख अक्षरांवर, तर टोकाचा व्ही खंड पंचवीस लाख अक्षरांवर. सर्व काही यदृच्छेवर सोडले, तर जवळच्याचीच वर्णी पुनःपुन्हा लागेल, दूरचे कागदावर राहतील, आणि आपला तो भव्य गुणाकार कागदी ठरेल. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे, की प्रतिपिंडांचे वैविध्य हे केवळ यदृच्छेचे फळ नव्हे. दूरच्यालाही पाळी मिळावी यासाठी पेशीला बंदोबस्त करावा लागतो, आणि तो बंदोबस्त जनुकांच्या मजकुरात नसून जनुकसूत्राच्या घडीत आणि त्यावरील नियामक शेऱ्यांत आहे.

ज्या संस्थानचे अधिपती पिढ्यानपिढ्या पंतसचिव म्हणवले, त्या भोरमध्ये दप्तराचा दृष्टान्त देण्याची परवानगी मी मागून घेतो. राजाराममहाराजांच्या काळी शंकराजी नारायणांकडे आलेले सचिवपद हे मूळचे सुरनिशीचे पद. राजपत्रे तपासावीत, त्यांतील अधिक-उणे अक्षर दुरुस्त करावे, महालांचे हिशेब शोधावेत आणि पत्रावर आपले चिन्ह करावे, हे त्याचे काम. पत्रातील मूळ मजकूर सचिवाचा नसे; पण त्याच्या शेऱ्यावाचून त्या मजकुराची तामिली होत नसे. तसेच दप्तरातील कागद रुमालात बांधलेले असत, आणि कोणता कागद कोणत्या कागदाशी ताडून पाहिला जाईल हे पुष्कळदा कोण कोणत्या रुमालात, कोणत्या घडीत आहे यावर अवलंबून असे. पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० नंतर निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा शतकभर एकाच छपराखाली असूनही कधी एकमेकांसमोर न आलेले कागद प्रथमच शेजारी आले. पेशीच्या केंद्रकातही दोन मीटर लांबीचे जनुकसूत्र मिलिमीटरच्या काही हजारांश व्यासाच्या जागेत गुंडाळलेले असते. आणि कोणता खंड कोणाला भेटेल हे त्यांच्यातील अक्षरांच्या अंतरापेक्षा घडीवर अधिक ठरते. दृष्टान्ताची मर्यादा उघड आहे: दप्तरात कारकून असतो, केंद्रकात कोणी नाही. तेथे शेरा, रुमाल आणि बांधणारा हात हे सारे रेणूच आहेत, आणि त्यातले नवल तेच आहे.

शेऱ्यांचा शोध प्रतिपिंडांच्या जनुकांतच लागला, ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. विषाणूच्या डीएनएतील काही तुकडे दुरून जनुकाचे लेखन वाढवतात हे १९८१ च्या सुमारास कळले होते. पण प्राण्याच्या स्वतःच्या जनुकसंचातील असा पहिला वर्धक, ज्याला इंग्रजीच्या अनुकरणाने एन्हान्सर म्हणतात, १९८३ साली जड साखळीच्या जनुकात, जे खंड आणि स्थिर भाग यांच्या मधल्या पट्ट्यात सापडला. तो तुकडा बी-पेशीत जागा असतो आणि इतर पेशींत निद्रिस्त. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत रंजन सेन यांनी कप्पा साखळीच्या वर्धकावर बसणारे एक प्रथिन ओळखले आणि त्याला एनएफ-कप्पा-बी असे नाव मिळाले. त्या नावातली कप्पा ही प्रतिपिंडाचीच. आज दाह, संधिवात, कर्करोग यांच्या चर्चेत हे प्रथिन पदोपदी भेटते, आणि ज्या जनुकाच्या तपासात ते हाती लागले त्याचा मात्र सर्वांना विसर पडलेला असतो.

शेरे सापडले, घडी दिसायला आणखी वीस वर्षे लागली. २००२ मध्ये शिकागो येथे हरिंदर सिंग यांच्या गटाने सूक्ष्मदर्शकाखाली असे पाहिले, की रक्ताच्या मूळपेशींत आणि टी-पेशींच्या पूर्वजांत जड साखळीचे जनुकस्थान केंद्रकाच्या कडेला, जणू बेदखल होऊन पडलेले असते. पण बी-पेशी होण्याच्या मार्गावर असलेल्या पेशीत ते कडेपासून सुटून आत येते आणि आखडते, इतके की त्याची दोन टोके एकमेकांजवळ येतात. हे आखडणे पॅक्स-५ या नियामक प्रथिनावाचून होत नाही, हे व्हिएन्नाच्या माइनराड बुसलिंगर यांच्या गटाने दाखवले. मग आखडते कसे? कोहेसिन नावाचे कड्यासारखे प्रथिन जनुकसूत्रावर चढते आणि सूत्र आपल्यातून ओढत ओढत वळसा मोठा करत नेते. सीटीसीएफ नावाचे दुसरे प्रथिन ठरावीक अक्षरांवर, ठरावीक दिशेला तोंड करून बसलेले असते आणि तेथे कोहेसिनचा प्रवास अडतो. जे खंडांपाशी रॅग प्रथिने ठाण मांडून बसलेली असतात. त्यांच्यापुढून सूत्र सरकत जाते, आणि कोठे कापायचे ते दाखवणारे, योग्य दिशेला तोंड केलेले छेदचिन्ह समोर आले की ती त्याला धरतात. म्हणूनच या जनुकस्थानात व्ही खंड उलट दिशेने वळवून ठेवले, तर या सरकत्या शोधात त्यांची निवड जवळजवळ होतच नाही. फ्रेडरिक ऑल्ट यांच्या बॉस्टनच्या प्रयोगशाळेने या सरकत्या शोधाचे एकामागून एक पुरावे मांडले.

परंतु वाटेत सीटीसीएफचे एवढे चौकीदार असताना वळसा पंचवीस लाख अक्षरांपर्यंत पोचावा कसा? याचे उत्तर २०२० साली बुसलिंगर यांच्या गटाने दिले, आणि मला ते या साऱ्या कथेतील सर्वांत सुंदर स्थळ वाटते. कोहेसिनला सूत्रावरून उतरवणारे वॅपल नावाचे एक प्रथिन आहे. पॅक्स-५ चौकीदारांना हटवत नाही, सूत्रही कापत नाही. ते फक्त वॅपलचे उत्पादन कमी करते. त्यामुळे कोहेसिन सूत्रावर अधिक काळ टिकते, अडथळे ओलांडते, आणि दूरचे व्ही खंड रॅगच्या पुढ्यात येतात. एका नोकराचे वेतन थोडे रोखले, आणि पार टोकाच्या खंडांची पाळी लागली! वैविध्याचा सारा डोलारा एवढ्या लहान, अप्रत्यक्ष तजविजीवर उभा असावा, हे तर्काने कोणाला सुचले नसते.

उलट बाजूनेही पुरावा आहे. व्ही आणि डी यांच्या मधल्या प्रदेशात एक लहानसा नियामक तुकडा आहे. त्यात कोणत्याही प्रथिनाचा मजकूर नाही, फक्त सीटीसीएफ बसण्याच्या दोन जागा आहेत. २०११ मध्ये ऑल्ट यांच्या सहकाऱ्यांनी उंदरात या दोन जागांची अक्षरे बदलली. परिणाम असा झाला, की जवळच्या एक-दोन व्ही खंडांचीच सरबराई सुरू झाली आणि दूरचे जवळजवळ बेकार झाले. एरवी आधी डी-जे जोड आणि मग व्ही, हा जो कडक क्रम, तोही मोडला. इतकेच नव्हे, तर टी-पेशींच्या पूर्वजांत, जेथे व्ही खंडांची जोडणी होताच कामा नये, तेथेही ती होऊ लागली. जनुकांचा एकही खंड नष्ट झालेला नव्हता. दप्तर शाबूत होते. गेला होता तो एक शेरा.

आता पुण्याकडे वळू. १९९२ साली अमेरिकेत तेरुमी कोही-शिगेमात्सु यांच्या प्रयोगशाळेत एक प्रथिन ओळखले गेले. शोधाचे आमिष होते जड साखळीच्या त्याच वर्धकाला लागून असलेला, केंद्रकाच्या आधारजालाला चिकटणारा एक डीएनएचा तुकडा. त्याला बिलगणाऱ्या प्रथिनाला सॅटबी-१ हे नाव मिळाले. गंमत अशी, की प्रतिपिंडाच्या जनुकावरून सापडलेले हे प्रथिन बी-पेशीत नव्हे, तर थायमस ग्रंथीतील टी-पेशींत विपुल निघाले, आणि त्यांच्या केंद्रकात ते पिंजऱ्यासारखे पसरून जनुकसूत्राचे वळसे आपल्याला बांधून ठेवते असे दिसले. याच प्रयोगशाळेत काम करून पुण्यास आलेले डॉ. संजीव गलांडे यांनी गणेशखिंडीतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि पुढे पाषाणच्या आयसरमध्ये या प्रथिनाचा पाठपुरावा केला. त्याच्यावर फॉस्फेटचा एक गट चढला वा उतरला की ते जनुके दाबणाऱ्याचे जनुके उठवणारे कसे होते, हे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. आणि पुढच्याच वर्षी, ऊतींची ओळख ठरवणाऱ्या एमएचसी जनुकांच्या पट्ट्यात सॅटबी-१ आणि पीएमएल ही दोन प्रथिने मिळून वळसे कसे रचतात, आणि इंटरफेरॉन गॅमा दिला की वळशांची मांडणी व त्याबरोबर जनुकांचे लेखन कसे पालटते, हेही. २०१० सालचा भटनागर पुरस्कार त्यांना आणि मुंबईच्या शुभा टोळे यांना मिळाला. जीवशास्त्राचे त्या वर्षीचे दोन्ही मानकरी महाराष्ट्रात काम करणारे असावेत, याची दखल आपल्या वृत्तपत्रांनी जितकी घ्यायला हवी होती तितकी घेतली असे मला वाटत नाही. टी-पेशींच्या या घडीचा प्रतिपिंडांशी संबंध दूरचा समजू नये. साहाय्यक टी-पेशींत इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ यांची जनुके एकाच पट्ट्यात असतात आणि पेशी उत्तेजित होताच सॅटबी-१ त्या पट्ट्याचे दाट वळसे बांधते; आणि इंटरल्यूकिन-४ हेच ते द्रव्य, जे बी-पेशीला प्रतिपिंडाचा वर्ग बदलण्याची सूचना देते.

कप्पा साखळीचा न्याय थोडा निराळा आहे, आणि तो सांगितला नाही तर मी आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. तेथे व्ही खंड दोन्ही दिशांना तोंड करून असतात, आणि तरीही दोन्ही प्रकारचे वापरले जातात. म्हणजे केवळ एका दिशेने सरकत जाणारा शोध तेथे पुरेसा नाही. खंड घडीमुळे जवळ आणले जातात, आणि नंतरची भेट रेणूंच्या साध्या हालचालीतून घडते. तेथील छेदचिन्हे अधिक प्रबळ असल्यामुळे अशा भेटीही वाया जात नाहीत. एकाच पेशीत, एकाच हेतूसाठी, दोन जनुकस्थानांनी दोन वेगळे जाबते स्वीकारलेले आहेत.

वर्ग बदलण्याचा उल्लेख आला. बी-पेशीचे पहिले प्रतिपिंड एम वर्गाचे असते. पुढे तीच पकड कायम ठेवून स्थिर भाग बदलतो आणि जी, ए वा ई वर्ग तयार होतो. वारंवार विष टोचलेल्या घोड्याच्या सीरममध्ये प्राधान्याने जी वर्गाचीच प्रतिपिंडे असतात ती यामुळे. हा पालट घडवणारे एड हे प्रथिन क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. आणि दूरचे दोन छेदप्रदेश समोरासमोर आणण्याचे काम येथेही कोहेसिनच्या वळशांकडे आणि जनुकस्थानाच्या शेवटी असलेल्या एका बलाढ्य नियामक पट्ट्याकडे आहे. या पट्ट्याचे सामर्थ्य किती, हे दुर्दैवाने एका रोगाने शिकवले. युगांडात काम करणारे शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९५८ साली मुलांच्या जबड्यातील ज्या अर्बुदाचे वर्णन केले, त्यात ८व्या गुणसूत्रावरील मिक नावाचे वाढीचे जनुक तुटून १४व्या गुणसूत्रावर, प्रतिपिंडाच्या जनुकस्थानात येऊन चिकटलेले असते, असे १९८२ मध्ये आढळले. मिकच्या मजकुरात मोठा दोष असण्याची गरज नसते. त्याला मिळालेला शेजार घातक असतो. बी-पेशीत अहोरात्र जागे असणारे वर्धक त्याला अखंड हुकूम देत राहतात आणि पेशी विभाजत सुटते. आपलाच वारसा कापण्याची मुभा ज्या पेशीला दिली, तिच्याकडून कधीकधी चुकीच्या ठिकाणी काप जातो. एवढ्या मोठ्या वैविध्याचा हा भरणा शरीराला करावा लागतो.

शेवटी माणसामाणसांतील फरकाविषयी. जड साखळीचे जनुकस्थान सर्व मानवांत एकसारखे नाही. काहींत काही व्ही खंड दुहेरी, काहींत गैरहजर, आणि मधल्या नियामक पट्ट्यांतही अक्षरभेद असतात. २०२३ साली कोरी वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५४ व्यक्तींचे हे जनुकस्थान सलग वाचून त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांशी ताडून पाहिले, तेव्हा बहुसंख्य खंडांचा वापर व्यक्तिगणिक कमीअधिक असण्यामागे असे वारशाने आलेले भेद आहेत, आणि त्यांतील कित्येक खंडांच्या अक्षरांत नसून त्यांच्या भोवतालच्या भागात आहेत, असे आढळले. म्हणजे एकाच वाडीतील दोन माणसांना धनुर्वाताची एकच लस दिली आणि एकाचे रक्त दुसऱ्यापेक्षा सरस निघाले, तर त्याचे एक कारण लस टोचण्याच्या कितीतरी आधी, त्यांच्या सूत्राच्या घडीत पडून असू शकेल. हे काम सह्याद्रीच्या या कुशीतील लोकांवर व्हावे, अशी माझी सूचना आहे. सलग वाचनाची यंत्रे पुण्यात आहेत, घडीचे ज्ञान असलेली माणसे पुण्यात घडली आहेत, आणि लागणारे रक्त चार-दोन चमच्यांहून अधिक नाही. प्रथम पाहायचे ते इतकेच, की लस देण्यापूर्वी कोणाच्या बी-पेशींत कोणते दूरचे व्ही खंड किती वेळा निवडले गेलेले आहेत. आणि महिन्याभराने, लस दिल्यावर, त्यांपैकी कोणते कामास आले.